उदारमतवाद हा शेटजींचा विचार आहे का? भूसंपादनाच्या वकिलाचं उत्तर

घणसोलीहून कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. आजोबांची शेती नवी मुंबईसाठी गेली, घरात आजही शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, लाल बावटा मानतात. कॉलेजात लॉक, स्मिथ, मिल यांची नावं परीक्षेपुरती येऊन जातात. वडील म्हणतात, उदारमतवाद म्हणजे भांडवलदारांची सोय, १९९१ च्या आर्थिक सुधारणांबरोबर आली आणि बसली. तर हा विचार मुळात कुठून आला, कसा वाढला, आगरी-कोळ्यांच्या पोराचा त्याच्याशी संबंध काय, आणि वाचायला सुरुवात कुठून करू?

मी ठाण्याच्या न्यायालयात आयुष्यभर भूसंपादनाची प्रकरणं चालवली, जवळजवळ सगळी शेतकऱ्यांच्या बाजूने. शिवाय बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गात विधिशास्त्र शिकवलं. त्यामुळे हे उत्तर पाठ्यपुस्तकासारखं येणार नाही. तुमच्या वडिलांचा राग मला खरा वाटतो. मात्र ज्या विचारावर तो काढला जातो आहे, त्याचा जन्म नेमका तुमच्या आजोबांसारख्या माणसाच्या तक्रारीतून झाला आहे: मला न विचारता माझं घेतलं.

सुरुवात इंग्लंडात सतराव्या शतकात झाली. पहिल्या चार्ल्स राजाला पैसा हवा होता आणि संसद बोलवायची नव्हती. युद्धकाळात बंदरांच्या गावांकडून जहाजांसाठी घ्यायचा एक जुना कर होता, शिप मनी. राजाने तो शांततेच्या काळात आणि समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही बसवला. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने आपल्या वाट्याचे वीस शिलिंग द्यायला नकार दिला. रक्कम त्याच्या दृष्टीने किरकोळ होती. राजाला हे मागायचा अधिकार कुणी दिला, एवढाच त्याचा मुद्दा होता. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच विरुद्ध. हॅम्पडन हरला, पण ते पाच जण लोकांच्या लक्षात राहिले. त्यानंतर यादवी युद्ध झालं, १६४९ मध्ये राजाचं डोकं उडालं, राजेशाही परत आली, १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सला पळून जावं लागलं, आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात लिहिलं गेलं की संसदेच्या संमतीशिवाय कर घेता येणार नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने हा क्रम नीट पाहावा. आधी खटला, मग लढाई, मग कायदा, आणि तत्त्वज्ञान जवळजवळ सगळ्यात शेवटी.

ते तत्त्वज्ञान जॉन लॉकचं. हॉलंडमध्ये परागंदा राहून तो १६८९ मध्ये परतला आणि राज्यव्यवस्थेवरचे त्याचे दोन प्रबंध नाव न घालता छापले गेले. माणसाला जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचा हक्क राजाने दिलेला नाही, तो आधीपासूनच आहे. राज्य माणसांच्या संमतीने, त्या हक्कांची राखण करण्यासाठी उभं राहतं, आणि राखणदारच लुटायला लागला तर त्याला हटवता येतं. त्याच वर्षी धर्माबद्दलचं त्याचं पत्रही छापून आलं: माणसाची श्रद्धा दंडुक्याने बदलता येत नाही, म्हणून सरकारने त्यात पडू नये. युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी शंभर वर्षांहून जास्त काळ एकमेकांचे गळे कापले होते. त्या थकव्यातून सहिष्णुता आली. तीही अर्धवटच, कारण कॅथलिकांना आणि नास्तिकांना लॉकने बाहेरच ठेवलं.

मालमत्तेवरच्या त्याच्या प्रकरणापाशी थोडं थांबतो, कारण माझ्या धंद्याची सगळी गुंतागुंत त्यात आहे. जमीन मुळात सगळ्यांची. ज्याने तिच्यात श्रम घातले त्याची ती झाली, पण इतरांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली उरली पाहिजे. वाचताना हे कसणाऱ्याच्या बाजूचं वाटतं, आणि आहेही. पण त्याच प्रकरणात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जमीन त्याने पडीक म्हणून मोजली. त्यांनी कुंपण घालून शेती केली नव्हती, म्हणजे ती कुणाचीच नव्हती, म्हणजे कुणीही घ्यावी. गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते, हेही याच माणसाबद्दल खरं आहे.

हे इंग्लंड-अमेरिकेचं झालं असं समजू नका. आपल्या खाडीकाठी जमीन संपादन झाली तेव्हा मोबदला सातबारा बघून ठरला. भातखाचर सातबाऱ्यावर होतं. कोळ्याची खाडी कुठल्या सातबाऱ्यावर असणार? पिढ्यान् पिढ्या जिथे जाळी लावली, जिथे बायका निवट्या आणि कालवं काढायला चिखलात उतरल्या, ती जागा सरकारदरबारी रिकामी होती. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा भराव टाकून बुजवलेल्या पाण्यावरही कुणाचा तरी हक्क होता हे कागदावर आलं. लॉकच्या विचारातली ताकद आणि त्याच्यातली खोट अशी एकाच तालुक्यात दिसते. श्रमातून हक्क तयार होतो हे त्याने सांगितलं. कुणाचे श्रम मोजायचे, हे मोजणाऱ्याच्या हातात सोडलं.

अठराव्या शतकात हीच तक्रार बाजाराकडे वळली. फ्रान्समध्ये केने नावाचा अर्थतज्ज्ञ आणि त्याचे शिष्य म्हणत होते की धान्याची ने-आण, भाव, कारागिरांच्या पेठा यांवरची सरकारी बंधनं उठवा. तुर्गो अर्थमंत्री झाल्यावर त्याने १७७४ मध्ये धान्यव्यापार मोकळा केला. त्या वर्षीचं पीक कमी आलं होतं, १७७५ मध्ये दंगली झाल्या. १७७६ मध्ये त्याने शेतकऱ्यांवरची रस्तेबांधणीची वेठ आणि कारागिरांच्या बंदिस्त संघटना रद्द केल्या, आणि त्याच वर्षी दरबाऱ्यांनी त्याला घालवला. उपाशी माणसाला पुढच्या हंगामापर्यंत थांब म्हणता येत नाही, हा धडा उदारमतवादी अर्थतज्ज्ञांना तेव्हाच मिळाला होता. तो त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे घेतला नाही.

आता ॲडम स्मिथ. शेटजींचा विचार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो हाच, म्हणून त्याचं जरा सविस्तर सांगतो. त्याचा मोठा ग्रंथ मार्च १७७६ मध्ये आला. टाचण्यांच्या कारखान्यातली श्रमविभागणी सगळ्यांना माहीत असते. अदृश्य हाताचा उल्लेख त्या हजारभर पानांत एकदाच येतो. मात्र त्यात वारंवार येतं ते व्यापाऱ्यांबद्दलचं अविश्वासाचं बोलणं. एकाच धंद्यातली माणसं मौजेसाठी जरी भेटली तरी बोलणं जनतेविरुद्धच्या कटावर आणि भाववाढीवर येऊन थांबतं, असं तो लिहितो. मजुरी वाढू न देण्याचा मालकांचा आपसांत कायम मूक करार असतो, आणि कायदा मात्र मजुरांच्या एकीला शिक्षा करतो, हेही त्याचंच. गरिबाची मालमत्ता म्हणजे त्याच्या हातातलं बळ आणि कसब. ते त्याला हवं तिथे वापरू न देणं हे सगळ्यात पवित्र मालमत्तेवरचं आक्रमण, असं तो म्हणतो. कोणत्या शेटजीला हे वाचून बरं वाटेल?

आणि ईस्ट इंडिया कंपनी. व्यापाऱ्यांच्या मक्तेदार कंपनीचं सरकार हे कुठल्याही देशासाठी बहुधा सगळ्यात वाईट सरकार, हे स्मिथने कॅरिबियन बेटांवरच्या डॅनिश कंपनीबद्दल लिहिलं, पण बंगालमधल्या कंपनीवरही त्याने तशीच टीका केली. अफूसाठी उभ्या भातशेतावर नांगर फिरवण्याचे हुकूम कंपनीच्या माणसांनी दिल्याचा दाखला तो देतो. व्यापारी आणि सरकार एक झालं की कसणाऱ्याला दाद मागायला जागाच उरत नाही, हे त्याचं म्हणणं आजही मला जसंच्या तसं पटतं. सरकार नको असं तो कुठेच म्हणत नाही. संरक्षण, न्याय, आणि रस्ते-पूल-शिक्षण यांसारखी खासगी नफ्यात न बसणारी कामं त्याने सरकारवरच टाकली.

१७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याबद्दल आणि १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याबद्दल तुम्हाला शिकवलं असेलच, फक्त एक कलम उघडून बघा. फ्रेंच जाहीरनाम्याचं सतरावं: मालमत्ता पवित्र आहे, सार्वजनिक गरज कायद्याने सिद्ध झाल्याशिवाय आणि न्याय्य मोबदला आधी दिल्याशिवाय ती कुणाकडून घेता येणार नाही. ‘आधी’ हा शब्द तिथे आहे. अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीतही, १७९१ मध्ये, न्याय्य मोबदल्याशिवाय खासगी मालमत्ता सार्वजनिक कामाला घेऊ नये असं आलं. जगातला भूसंपादनाचा प्रत्येक वाद या दोन ओळींच्या आसपास फिरतो. मात्र ज्या माणसांनी त्या लिहिल्या त्यांच्या घरात गुलाम होते, किंवा बायकांना मत नव्हतं. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलांप द गूज या बाईला पॅरिसमध्ये १७९३ साली गिलोटिनवर चढवण्यात आलं.

हिंदुस्थानात हा विचार कंपनीच्या सामानासोबतच आला आणि इथे त्याची दोन तोंडं दिसली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, त्याचा ठाणेकरांना रास्त अभिमान आहे. ती रेल्वे खासगी कंपनीची होती. कंपनीला सरकारने गुंतवणुकीवर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती आणि जमीनही मोफत दिली होती. नफा झाला तर भागधारकांचा, तोटा झाला तर इथल्या रयतेच्या महसुलातून. तिकडे लंडनमध्ये मुक्त व्यापाराचा विजय साजरा होत होता, १८४६ मध्ये धान्यावरचे जुने आयातकर उठले होते. इकडे जमीन घेण्याचे कायदे १८२४ मध्ये बंगालपासून सुरू झाले, १८५७ मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखासाठी एक झाला आणि १८९४ चा जो आला त्याने तुमच्या आजोबांची जमीन घेतली. मोबदल्याचा भाग त्यात आला. संमतीचा आला नाही, कारण जिथे राज्यच संमतीचं नव्हतं तिथे जमिनीसाठी कोण विचारणार?

जॉन स्टुअर्ट मिलकडे बघा. सतराव्या वर्षी कंपनीच्या लंडनच्या कचेरीत लागला, १८२३ ते १८५८ तिथेच होता, हिंदुस्थानशी चालणारा पत्रव्यवहार लिहित होता. १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरचा त्याचा निबंध आला. दुसऱ्याला इजा होत नसेल तोवर माणसाच्या वागण्यात समाजाने हात घालू नये, सगळं जग एका बाजूला आणि एकच माणूस दुसऱ्या बाजूला असला तरी त्याचं तोंड बंद करू नये. याहून स्वच्छ मांडणी मी वाचलेली नाही. आणि पहिल्याच प्रकरणात एक अपवाद: मागासलेल्या समाजांना हे लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालेल. म्हणजे आपल्याला नाही.

आपल्याकडच्या माणसांनी त्या अपवादाला जे उत्तर दिलं, त्याला मी उदारमतवादाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पान मानतो. युरोपकेंद्री पुस्तकांत ते तळटीपेत असतं. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षाचे म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि तुमचंच तत्त्व तुम्ही इथे मोडता आहात, हे आकडे मांडून सांगत राहिले. संमतीशिवाय कर नाही, मग हिंदुस्थानची संपत्ती दरवर्षी बाहेर कोणाच्या संमतीने जाते? त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं. त्यांचा मुद्दा असा की स्मिथ-रिकार्डोचे नियम इंग्लंडच्या परिस्थितीतून निघाले, ते सगळीकडे आणि सगळ्या काळात लागू आहेत असं मानणं चूक आहे, आणि उद्योग उभारायला इथल्या सरकारने हातभार लावला पाहिजे. चारच वर्षांत, १८९६ मध्ये, इथल्या गिरण्यांच्या कापडावर सरकारने साडेतीन टक्के अबकारी बसवली, आयातकरामुळे मँचेस्टरच्या मालाला तोशीस लागू नये म्हणून. रानड्यांचं म्हणणं सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

महात्मा फुले यांची दिशा आणखी वेगळी. टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलं. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. युरोपातल्या उदारमतवाद्यांना सत्ता म्हटलं की राजा दिसत होता. फुल्यांना त्याबरोबर कुळकर्ण्याचं दप्तर, सावकाराचं खतपत्र आणि घरातला नवराही दिसला. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या अंमलदाराच्या आड राहून कागद फिरवणारा कारकून शेतकऱ्याला कसा नागवतो याचं वर्णन आहे. तहसील कचेरीत फेरफारासाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही ते आजचंच वाटेल. मनमानी सत्ता सिंहासनावरच बसते असं नाही, ती ओसरीवरही बसते, ही भर मराठी मुलखाने या विचारात घातली. ‘सुधारक’कार आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून तीच गोष्ट सुशिक्षित घरांच्या उंबरठ्यापर्यंत नेली.

इंग्लंडमध्येही एव्हाना जुनी मांडणी अपुरी पडू लागली होती. १८८१ मध्ये टी. एच. ग्रीन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने करारस्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं. जमीनमालक आणि भुकेला कूळ यांच्यातला करार दोघांच्या सहीचा असला तरी मोकळा असतो का, असा त्याचा प्रश्न होता. हॉबहाऊसने १९११ मध्ये याचीच पद्धतशीर मांडणी केली, आणि कामगारांचा विमा, वृद्धांचं निवृत्तिवेतन, किमान मजुरी यांना उदारमतवादाच्या आत जागा मिळाली. तुम्हाला हे ऑक्सफर्डवरून समजून घ्यायची गरज नाही. अलिबाग तालुक्यातलं चरी बघा. कुलाबा जिल्ह्यातली कुळं खोताला, म्हणजे गावाच्या वतनदाराला, कबुलायत (जमीन कसण्याचा करार) लिहून द्यायची. अंगठा त्यांचाच असायचा, मजकूर खोताचा. १९३३ पासून सुमारे सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन कसायचं बंद केलं. जंगलातली लाकडं विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. काम नाकारण्याचं स्वातंत्र्य हे करारस्वातंत्र्याचं अर्धं अंग आहे, आणि ते उपासमार सोसून मिळवावं लागतं, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा तिथे जास्त कळतं. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

आंबेडकर या परंपरेत बसतात का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी वकील म्हणून कागद बघतो. लंडनमध्ये ते एडविन कॅनन यांच्या हाताखाली शिकले. हे कॅनन म्हणजे स्मिथच्या ग्रंथाची १९०४ ची प्रमाण आवृत्ती तयार करणारे. रुपयाच्या प्रश्नावरच्या आंबेडकरांच्या १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. त्यात आंबेडकर म्हणतात, चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, कारण रुपयाची किंमत घसरली की मार गरिबाला बसतो. इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्स ज्या पद्धतीची बाजू घेत होते तिला हा विरोध होता. हेच आंबेडकर १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि प्रमुख उद्योग सरकारच्या मालकीचे करून ते राज्यघटनेत लिहून टाका असं म्हणतात. वरवर उलटी वाटणारी ही दोन मतं एका धाग्यात आहेत. सरकारचं नियंत्रण काढून घेतलं म्हणजे स्वातंत्र्य आलं असं नाही, जमीनदाराला खंड वाढवायचं आणि मालकाला कामाचे तास वाढवायचं स्वातंत्र्य मिळालं, असं त्यांनी तिथे स्पष्ट लिहिलं आहे. प्रश्न प्रत्येक वेळी एकच होता: या माणसावर कुणाची मर्जी चालते आणि तिला लगाम कोण घालतो? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केलं, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मिलचाच हवाला देऊन कितीही मोठा पुरुष असो, त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका असं बजावलं.

बाजारात सरकारने किती हात घालावा यावरचा, विसाव्या शतकातला केन्स विरुद्ध हायेक हा वाद मी इथे उरकतो, तुमच्या अभ्यासक्रमात तो भरपूर आहे. फक्त हायेकचा १९४५ चा निबंध समजून घ्यायचा असेल तर हापूसच्या हंगामात पहाटे वाशीच्या फळबाजारात जा. देवगड-रत्नागिरीच्या पेट्या उतरलेल्या असतात. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतात. कोकणात मोहर किती गळला, आखातातून मागणी किती आहे, कालचा माल किती उरला, हे सगळं त्या बोटांच्या दाबात येतं आणि एक भाव ठरतो. एवढी विखुरलेली माहिती मंत्रालयातल्या एका टेबलावर कधीच गोळा होणार नाही, हे हायेकचं म्हणणं, आणि ते खरं आहे. आता त्याच गाळ्यात दोन तास थांबा. ज्याच्या झाडाचा आंबा आहे त्याला रुमालाखाली काय ठरलं ते दिसत नाही. त्याच्या हातात येते ती पट्टी: हमाली, तोलाई कापून उरलेला आकडा. इथे स्मिथची कटाची ओळ आठवते. एकाच गाळ्यात दोघेही बरोबर असतात, म्हणून बाजार मोकळा असावा आणि सौदा उघडा असावा, अशी दुहेरी मागणी मी करतो. एकच अर्धी मागणी करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता तुमच्या आजोबांच्या जमिनीकडे येतो. मूळ राज्यघटनेत मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. जमीनदारी आणि खोती संपवायची तर तो आडवा येत होता, म्हणून १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीत नववं परिशिष्ट आलं. त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देता येत नसे. कसणाऱ्याला जमीन मिळावी हा हेतू मला मान्य आहे. पण न्यायालयाचं दार बंद करणारी खोली एकदा बांधली की तिच्यात काहीही ठेवता येतं, आणि जमीनसुधारणेशी संबंध नसलेले कायदेही पुढे त्यात गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्ता मूलभूत हक्कांतून काढली, ३००-अ कलमात कायदेशीर हक्क म्हणून ठेवली. मोठ्या जमीनदाराला याचा त्रास झाला नाही, त्याची जमीन तोवर बंगल्यात आणि शेअर्समध्ये गेली होती. दोन-तीन एकरवाला शेतकरी उघडा पडला.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १९७० मध्ये स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी धरली गेली. जमीन घेणार असं जाहीर करणाऱ्या अधिसूचना १९७० च्या सुमाराच्या, आणि कायद्याप्रमाणे बाजारभाव अधिसूचनेच्या दिवसाचा. मोबदला ठरवणारे अनेक निवाडे मात्र थेट १९८६ मध्ये झाले. मधल्या काळात शहर उभं राहत होतं, भाव चढत होते, आणि शेतकऱ्याचा भाव १९७० मध्ये गोठलेला होता. पैसे घ्यायला तो गेला की पावतीवर अंगठा घेत. त्या अंगठ्याशेजारी ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे तक्रार राखून रक्कम घेतली, एवढी नोंद नसेल तर कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क गेला. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा हक्क दोन इंग्रजी शब्दांवर टांगलेला. असे कागद मी किती पाहिले असतील! एकाच बांधाच्या दोन बाजूंचे सख्खे भाऊ, एकाला मोबदला वाढून मिळाला, दुसऱ्याला नाही, कारण पावतीवर ती नोंद एकाच्याच होती. १९८४ च्या दुरुस्तीने २८-अ कलम आणलं, शेजाऱ्याला वाढवून मिळालं तर तीन महिन्यांत तुम्हीही मागू शकता असं म्हटलं. त्याच दुरुस्तीने सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के झाली आणि उशिरासाठी वर्षाला १२ टक्क्यांची भर आली. कायदा शहाणा झाला खरा, पण ज्यांच्यामुळे शहाणा झाला त्यांच्यातले कितीतरी तोवर गेले होते.

त्याच वर्षी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, जासई आणि नवघर भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला, आणि विमानतळाच्या वेळी तो साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. दि. बा. शेकापचे, मार्क्सवादी परंपरेतले. पण त्या दिवशी रस्त्यावर जी मागणी होती ती काय होती? आम्हाला विचारा, आमच्या जमिनीची खरी किंमत द्या, आणि तिच्यातून जे उभं राहील त्यात आमचा वाटा ठेवा. हॅम्पडनने वीस शिलिंगांसाठी जे विचारलं होतं, तेच. पक्षाचा रंग कुठलाही असो, मला त्या लढ्यात उदारमतवादाचं मूळ म्हणणं ऐकू येतं, आणि हे मी शेकापच्या जुन्या कार्यकर्त्यांसमोरही बोललो आहे.

१९९१ बद्दल वडिलांना एवढं सांगा. त्या जुलैत बहुतेक उद्योगांवरचे परवाने गेले, आणि ते जायलाच हवे होते. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदाराने दिल्लीच्या परवान्यासाठी काय सोसलं ते ठाणेकरांना माहीत आहे. राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष १९५९ पासून हे सांगत होता. शरद जोशींनी १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकऱ्याच्या बाजूने तेच मांडलं: आमच्या मालाचा भाव सरकार मुद्दाम पाडतं, ते थांबवा. पण १९९१ मध्ये कारखानदार मोकळा झाला आणि जमीन घेण्याचा १८९४ चा कायदा तसाच राहिला, आणखी बावीस वर्षं. त्याच कायद्याच्या जोरावर खासगी सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) रायगडात जमिनी मागितल्या गेल्या. २००८ मध्ये पेण परिसरातल्या गावांत सरकारला लोकांचं मत घ्यावं लागलं आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. २०१३ च्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती अजूनही लागत नाही. म्हणजे बाजाराचा अर्धा भाग आधी आला, संमतीचा अर्धा भाग उशिरा आणि तुटपुंजा. वडिलांचा राग त्या उशिरावर आहे, आणि तो रास्त आहे.

वाचायला सुरुवात लॉकच्या दुसऱ्या प्रबंधातल्या मालमत्तेच्या पाचव्या प्रकरणापासून करा, वीस-पंचवीस पानांचं आहे. मग स्मिथच्या पहिल्या भागातलं मजुरीवरचं आठवं प्रकरण, मिलच्या निबंधाचं दुसरं, रानड्यांचं १८९२ चं व्याख्यान, ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. फुले आणि आंबेडकर यांचं समग्र वाङ्मय शासनाने छापलं आहे, स्वस्त आहे. यांच्या जोडीला आजोबांच्या गावाचा निवाडा मिळवा. नक्कल भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कचेरीतून निघते. घणसोली ठाणे तालुक्यात असल्याने रेफरन्सचं, म्हणजे कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचं, प्रकरण झालं असेल तर ते ठाण्याच्या न्यायालयात सापडेल. निवाड्यात अधिसूचनेची तारीख, प्रत्येक सर्व्हे नंबरचा दर आणि तो दर कशावरून काढला त्याची कारणं असतात. कारणांचा भाग आधी वाचा.